दुधीला धाक

मे महिन्याच्या उन्हात नवीन पनवेलच्या बाल्कनीतल्या दुधीची फुलं गळत होती, आणि दंडावरचे वळ आईला दिसू नयेत म्हणून किशोरी पूर्ण बाह्यांच्या कुर्त्यात घामाघूम झाली होती.

गावाहून आलेल्या आईने वेल बघितला आणि चार वर्षांच्या नातीच्या हातात लाटणं दिलं. "धाक दाखवल्याबिगर हा फळ धरनार नाय गो. दोन फटके मार नि सांग, दुधी दे, नायतर तोडून टाकीन."

मनस्वीने लाटणं उगारलं आणि थबकली. मग आत जाऊन तिने आधी टीव्हीचा आवाज मोठा केला.

"टीवी कशाला गो बाय?" आजीने विचारलं.

"पप्पा लावतात ना. मग आईचं रडणं शेजाऱ्यांना ऐकू जात नाही."