कोपरावरचं रफू

"बावीसशे लोकांनी वाचलंय, बाबा!" सुनेने फोन त्याच्यापुढे धरला. "तुम्ही हे पोलिसांना नाही लिहिलंत. अख्ख्या जगाला लिहिलंत."

म्हाताऱ्या रफूवाल्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. सकाळी त्याने तिच्याच फोनवर, पोलिसांच्या पानावर तो फोटो पाहिला होता. बँकेच्या पहारेकऱ्याच्या डोक्यात सळई घालून रस्त्यापलीकडे पळणारा माणूस. तोंड दिसत नव्हतं. दिसत होतं ते करडं जाकीट आणि त्याच्या कोपरावर दुरुस्त केलेला चौकोन. 'ओळखत असल्यास कळवा.' आणि खाली लिहायला एक रिकामी चौकट.

चाळीस वर्षं तो लोकांची फाटकी वस्त्रं सांधत आला होता. त्याच्या कामाकडे कुणी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज खुद्द पोलीस विचारत होते. एका बोटाने, अर्धा तास खपून त्याने लिहिलं होतं: 'साहेब, कोपरावरचं रफू माझ्या हातचं आहे. हे गिऱ्हाईक आज पाच वाजता पँट न्यायला येणार आहे. दुकान पाण्याच्या टाकीमागे. कृपया ही गोष्ट आपल्या दोघांतच ठेवावी.'

आपल्या दोघांतच! त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. 'आम्हीही येतो, आजोबा.' 'पोलीस कशाला, आम्हीच मापं घेतो त्याची.'

"पुसून टाक ना ते, पोरी."

"कधीच पुसलं. पण लोकांनी त्याचेही फोटो काढून ठेवलेत." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला सात कमी. "ठाण्यातले हवालदार काय म्हणाले माहितीये? चिठ्ठी आमच्या हातात द्यायची, तर तुमच्या सासऱ्यांनी ती चौकात चिकटवली. गाडी निघालीय म्हणे. तोवर शटर ओढून आत बसा."

"त्यानंही वाचलं असेल का गं?"

सुनेने मागच्या दाराकडे पाहिलं. दुकानामागच्या खोलीत तिची तीन वर्षांची लेक झोपली होती. मधे नुसतं एक दार. रफूवाल्याने सुई उचलली. सुईत दोरा ओवायला गेला, तर नेढंच सापडेना. 'देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे,' तो मनातल्या मनात म्हणत राहिला, 'या दोघींना सांभाळ.'

सुनेने शटर ओढलं. अर्ध्यावर आलं, तोच बाहेरून एका हाताने ते धरलं.

"थांबा, थांबा, ताई! पाचवाला आलोय मी."

वाकून तो आत शिरला. तेच करडं जाकीट. आत आल्यावर त्याने स्वतःच शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं. सुनेचा हात हळूच मोठ्या कात्रीवर गेला.

"बाहेर कसली गर्दी जमलीय, काका? सगळे माझ्याकडेच टकामका बघतायत. लग्नबिग्न आहे का कुणाचं?"

वाचून आलाय, आणि सोंग करतोय. रफूवाल्याची खात्रीच पटली. त्या माणसाने खिशात हात घातला. सून एक पाऊल मागे सरकली. खिशातून निघाली ती पँटची पावती, चार घड्या घातलेली.

पोलीस येईपर्यंत वेळ काढायला हवा होता. "जरा... जाकीट काढता का? कोपराचा एखादा धागा सुटला असेल, तर बघून देतो."

"अहो, काय सुटतोय! बायको म्हणते, म्हाताऱ्यानं तुला नवंच जाकीट आणून दिलं." तरी त्याने हसत ते काढून दिलं.

रफूवाल्याने कोपर गुडघ्यावर ताणलं. अंगठा फिरवला. उजेडाकडे धरून पुन्हा फिरवला. मग दुसरी बाही घेतली, ती उलटीसुलटी करून पाहिली. चष्मा पुसला. परत पहिली बाही. सून त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते तोंड पांढरंफटक पडत चाललं होतं.

शटरवर दगड आदळला.

"आजोबा, काढा बाहेर त्याला!"

तो माणूस भिंतीला चिकटला. आता त्याचं हसू पार मावळलं होतं. "काका, कोण आहेत हे? मी काय केलंय?"

"सूनबाई, याला आत ने. आतून कडी लाव."

"बाबा, भानावर आहात का? आत माझी लेक आहे!"

"माझं चुकलंय, पोरी. ने त्याला. आपल्या घरचा समजून ने."

असा आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कात्री खाली ठेवून तिने दार उघडलं.

रफूवाल्याने ते जाकीट स्वतःच्या अंगात चढवलं. बाह्या बोटांपर्यंत आल्या. दोन्ही हातांनी त्याने शटर वर ढकललं. समोर पन्नास-साठ माणसं, प्रत्येकाचा फोन त्याच्या तोंडावर रोखलेला, आणि काहींच्या दुसऱ्या हातात दगड.

"तो कुठंय?"

"तो राहू दे. जाकीट हेच." त्याने कोपर त्यांच्यापुढे धरलं. "इथं, या कोपरावर मी रफू केलंय. या, जवळून बघा, तुमचे ते फोन लावून बघा. ज्या हातांनी केलं, त्या हातांनाही आत्ता सापडलं नाही. आणि तुमच्या फोटोतलं तर रस्त्यापलीकडून दिसतंय. लेकरांनो, जे दिसतं, ते माझं रफू नव्हे रे!"