पलीकडचा कोट

मास्तरच्या पत्राला शिंप्याने उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधंच होतं. बेतायला मी आहे, शिवायला तू नाहीस. कापड पाठवलं तर शिवून देशील का?

पूर्वी दोघांचं दुकान एकच होतं; मास्तर कापड बेतायचा, शिंपी शिवायचा, काजंही तोच करायचा. दंगलीनंतर मास्तरच्या धर्माची माणसं रस्त्यापलीकडे गेली आणि मधे तारेचं कुंपण आलं. ते सरकारने नव्हे, गल्लीच्या कमिटीने घातलं होतं, पण काढायची धमक सरकारात नव्हती. पलीकडे मास्तरने मोठं दुकान थाटल्याचं कानावर आलं. "चालू दे त्याचं," एवढंच शिंपी म्हणाला होता.

आज मोजणीचे साहेब आले. कुंपण काढायचं म्हणून ते दरवर्षी त्याची लांबी मोजून नेत. या वेळी तारेत अडकून त्यांच्या कोटाचा खिसा फाटला होता.

कोट हातात घेताच शिंपी थबकला. खांद्याचा असा उतार एकच माणूस बेतत असे.

"पलीकडे शिवलात?"

"हो. का, वाईट शिवलाय?"

शिंप्याने कोट उलटा केला. अस्तर पाहिलं, काखेतली शिवण पाहिली. मग एकेक काज नखाने ताणून पाहिलं. एकही दोरा हलेना.

"नाही," तो म्हणाला. "चांगला शिवलाय."

खिसा सांधून झाला, साहेब कोट चढवून गेले. शिंपी दारातून त्या पाठीकडे बघत राहिला.

"अहो, कोट बघताय की सवत?" आतून बायको म्हणाली.

तो आत वळला. मशीनवरचं कापड बाजूला सारून कागद घेऊन बसला.

"पलीकडे पत्र टाकलंत आणि गल्लीच्या कमिटीला कळलं, तर दुकानाला टाळं लावतील."

"लावू देत."

"मग खुशाली तरी विचारा. काम पाठव म्हणावं. घरात पीठ संपत आलंय."

"हं," तो म्हणाला. पण लिहून केव्हाच झालं होतं.

पोस्टातल्या कारकुनाने पत्ता वाचला आणि आवाज खाली आणला. "काका, पोचेलच असं नाही हं. तिकडचे घेतात तर घेतात, नाहीतर चुलीत घालतात."

शिंप्याने पाकीट पेटीत सोडलं. आत एकच ओळ होती:

'तुझी काजं हल्ली कोण करतो?'