वेताच्या खुर्चीची रेघ

"माझ्या रेघा कुठे आहेत, दादा?"

धाकटा थोरल्याच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलासुद्धा. थोरला कपाटाला टेकून उभा राहिला. सकाळपासून तो 'जाऊ नकोस' एवढंच म्हणत होता, आणि धाकटा ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडत होता.

दोघा भावांचं फोटोंचं दुकान होतं. कॅटलॉगचे, जाहिरातींचे फोटो. कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. बूट असो, किटली असो, तिच्या कडेकडेने पेन टूलने रेघ ओढायची ती धाकट्याने. त्या रेघेवरून वस्तू कापून दुसऱ्या फोटोत नेऊन बसवायची ती थोरल्याने. रेघ फाइलीत साठवलेली असली की गिऱ्हाईक कधीही परत येवो, मागचा रंग बदलून देणं म्हणजे हातचा मळ. पण त्या रेघेची एक खोड होती. दोन फोटो एकत्र केले की वस्तू पुढे जायची आणि रेघ जुन्या फाइलीतच बसून राहायची. तिला वेगळं उचलून न्यावं लागतं. थोरला तर काम झालं की जुन्या फाइली पुसून टाकायचा. जागा अडते म्हणून.

आता धाकट्याला परगावच्या एका मोठ्या कंपनीने बोलावलं होतं. कामाचे नमुने मागितले होते, रेघांसकट. गाडी उद्याची होती.

"तू मला थांबवत नाहीयेस, दादा," धाकटा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "तुला रेघ ओढणारा हवाय. मी गेलो की दुकानाला कुलूप, हे तुलाही ठाऊक आहे."

"आधी फाइल तर उघड."

त्याने किटलीची फाइल उघडली. रेघ होती. धाकट्याचा राग जरा निवला. मग त्याने किटली मोठी करून पाहिली, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. तोटीच्या वळणावर रेघ अडखळली होती. मुठीपाशी नको तिथे कोपरा आला होता. नुकतंच अक्षर गिरवायला बसलेल्याचा हात दिसत होता तो.

"ही माझी नाही."

"नाही," थोरला म्हणाला. "ते बुटांवाले परत आले होते आठवतं? त्यांची रेघ सापडली नाही, तेव्हा तू मला त्यांच्यासमोर बोललास. साधी रेघ सांभाळता येत नाही म्हणून. त्यानंतर मी तुझी फाइल शेजारी उघडी ठेवायचो. तिच्याकडे बघून नव्या फोटोत पुन्हा ओढायचो. मगच जुनी पुसायचो."

"प्रत्येक फोटोला?"

"तू जेवायला गेलास की. तुझ्यासमोर कोण ओढणार? हसला असतास."

रेघ उचलून दुसऱ्या फाइलीत न्यायला दोन बटणं दाबावी लागतात. धाकट्याने कधी सांगितलं नव्हतं, थोरल्याने कधी विचारलं नव्हतं. एकाचा तोरा, दुसऱ्याचा संकोच. त्या दोघांच्या मध्ये काम मात्र डोंगराएवढं वाढलं होतं.

"दोन बटणांचं काम होतं रे ते," धाकटा पुटपुटला.

"असेल. मला आपलं हे जमलं."

निदान एखादी तरी आपली सापडावी म्हणून धाकट्याने एकदम शेवटची फाइल उघडली. वेताची खुर्ची. विणीतलं एकेक भोक वेगळं कापलेलं, आणि रेघ अशी वळलेली की पाण्याची धार. फर्निचरवाल्यांच्या कितीतरी खुर्च्या त्याने केल्या होत्या. ही कधी केली ते आठवेना. पण त्याचा चेहरा उजळला.

"ही बघ. ही माझी. असली रेघ या दुकानात दुसरं कोण ओढणार?"

थोरल्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"ते काम आलं तेव्हा तू सासुरवाडीला होतास. घाई होती त्यांना. कुणाचं बघून ओढायची सोय नव्हती."

धाकट्याने खुर्ची मोठी केली. अजून मोठी केली. रेघ कुठेच अडखळली नव्हती. तो बराच वेळ एकेका भोकावरून नजर फिरवत राहिला, चूक शोधणाऱ्या मास्तरासारखा. मग त्याने हात मागे घेतला.

म्हणजे तो उद्या गेला तरी दुकान चालणार होतं. परवाही चालणार होतं.

"मग सकाळपासून मला थांबवतोयस कशाला?" त्याने विचारलं. आवाज मघासारखा चढा राहिला नव्हता.

"रेघेसाठी नाही," थोरला म्हणाला.