निम्म्यावर

बारा वर्षं कीटकनाशकाची पिंपं भरणाऱ्या तिच्या रक्तात क्लोरीनयुक्त विष इतकं निघालं, की डॉक्टर मॅडमनी त्याच दिवशी तिला कारखाना सोडायला लावला. "हे चरबीत मुरतं गं. वर्षानुवर्षं हलत नाही."

दीड वर्षानं पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा चक्क निम्म्यावर! तिचा आनंद गगनात मावेना. "ना औषध, ना पथ्य! लेकीचं करण्यात दिवस कुठे गेले कळलंच नाही, मॅडम."

मॅडमचा चेहरा उतरला. "अंगावर पाजतेस तिला?"

"म्हणजे काय! वरच्या दुधाचा थेंब दिला नाही अजून. बघा ना, कशी गुटगुटीत झालीय."

 

आठवड्यानं लेकीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. आईच्या अंगातून गेलेलं विष सापडलं होतं.