मचव्यापर्यंत नेणारं होडकं

"काठ किती उंच?" केसरीनाथांनी विचारलं.

निशाने वहीतलं चित्र त्यांच्यासमोर धरलं. "दोन विती."

"मंग माजा पाय त्यावरून कसा जायचा? डाव्या पायाला मी उचलायचा, का त्यानं मना?"

निशा हसली. वहीतल्या तिसऱ्या होडक्यावर तिने फुली मारली.

शुक्रवार होता, सुट्टीचा दिवस. कामतघर वस्तीतले कापड विणायचे लूम बंद होते आणि घरात हळू बोललेलंही ऐकू येत होतं. इतर दिवशी पलंगाशी बसून ओरडावं लागे. जूनमध्ये केसरीनाथांची डावी बाजू गेली, तेव्हापासून त्यांना खाडी दिसली नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी आपल्या शिडाच्या मचव्यातून मीठ वाहिलं, गवत वाहिलं, आणि तो धंदा मोडल्यावर नुसतेच वाऱ्यावर हिंडले. मचवा नांगरायचा भर खाडीत. किनाऱ्यावरून तिथवर जायला होडकं लागायचं. ते होडकं जुलैच्या पुरात वाहून गेल्याचं निशाने सांगितलं, त्या दिवसापासून त्यांचा एकच ध्यास होता. नवं होडकं घ्यायचं आणि एकदा मचव्यावर जाऊन बसायचं.

निशा शाळेत शिकवायची. गेले दोन महिने शाळा सुटल्यावर ती होडकी बघायला जात होती. फायबरचं होडकं एका माणसाने उचलावं इतकं हलकं होतं, पण पाय ठेवताच डुलायचं. हवा भरायचं रबरी होडकं आरामाचं, पण काठच्या दगडांवरची कालवं त्याला फाडणार. तिसऱ्याचा काठ उंच.

"आता ते केवणीच्या सुताराचं सांग," केसरीनाथ म्हणाले.

"लाकडी आहे. बूड सपाट, रुंदी भरपूर."

"सपाट म्हंजे ओहोटीला चिखलावरनं सरकंल. झ्याक!"

"एका फळीला ओल वाटली, बाबा."

"होडक्याला ओल न्हाय, त काय तुज्या खडूला असनार? वह्या तपासतेस तशी होडकी तपासतेस. सगल्यांना नापास! एखादा पास कर लवकर, न्हायतर मीच जाईन वरच्या वर्गात."

खाडीवरचा महादू चहाला आला होता. मचव्याची देखभाल वर्षानुवर्षं त्याच्याकडे. तो दाराशी बसून बशीत चहा ओतत होता.

"महादू, मचवा कसा हाय?"

"ताईला इचारा," महादू म्हणाला. "मी काय वेगला सांगनार?"

"आवंदा मी असा पडलेला, भावेश सुरतेला. पुराआधी पोरीनं मचवा वर ओढून घेतला, मागनं परत नांगरला, म्हनून वाचला. मास्तरीण झाली तरी आगऱ्याची पोर हाय."

महादूने चहावर फुंकर मारली. "चहा लय गरम हाय," तो म्हणाला.

निशा वही मिटून बसली होती.

"बुधवारी पुनव," केसरीनाथ म्हणाले. "भरती मोठी. होडकं पार रस्त्यापर्यंत येईल. मना खुर्चीसकट उचला नि ठेवा आत. काय गं?"

तिने मिटलेली वही उघडली, परत मिटली. मग म्हणाली, "घेते, बाबा. बुधवारी जाऊ."

महादूने बशी खाली ठेवली. निघताना जिन्यात तो थांबला.

"ताई, बुधवार लांब न्हाय."

"माहीत आहे मला."

ती परत आली तेव्हा केसरीनाथ न्हाव्याला बोलवायचं म्हणत होते. दाढी करून हवी होती. मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली आणि तिने वहीत उतरवून घेतलं. होडक्याच्या कडेला जुने टायर बांधायचे, म्हणजे मचव्याला घासणार नाही. मचव्यामागे दोरीने ओढताना नाक वर राहिलं पाहिजे, म्हणून वजन मागे ठेवायचं.

"एवढंच?"

"तू पन बस. भिऊ नको, मी धरीन तुला."

"कुठल्या हाताने?"

"हाय ना एक."

निशाने पेन खाली ठेवलं. "बाबा..."

"काय?"

"काही नाही. गोळी घ्यायची राहिली तुमची."

शनिवारी सकाळी लूम सुरू झाले. ती चहा घेऊन गेली आणि नेहमीसारखी मोठ्याने हाक मारली. दोनदा मारली. गुळगुळीत दाढी केलेला चेहरा खिडकीकडे वळलेला होता.

तिचा धाकटा भाऊ भावेश सुरतेहून दुपारी पोचला. सगळं आटोपून लोक गेल्यावर तो तिच्यासमोर बसला.

"दोन महिने, ताई? एक होडकं घ्यायला दोन महिने?"

ती पाण्याचे पेले गोळा करू लागली.

"फोनवर दुसरं काही बोलायचेच नाहीत ते. जे पहिलं दिसलं ते घेतलं असतंस, तर एकदा तरी बसले असते मचव्यात. काय मागत होते तुझ्याकडे?"

"हो," निशा म्हणाली.

"आता अस्थी तरी मचव्यावरून सोडू. बुधवारी, त्यांच्या भरतीला."

तिने मान हलवली.

बुधवारी पाणी खरंच रस्त्याला लागलं होतं. महादू स्वतःचं होडकं घेऊन उभा होता. त्याने निशाला हात दिला, तिच्या मांडीवर कलश ठेवला आणि भावेश बसल्यावर वल्ही उचलली. तिवरं मागे पडली. पाणी पसरत गेलं.

भर खाडीत महादूने वल्ही पाण्याबाहेर काढली.

भावेशने कपाळावर हात धरून खाडीच्या वरच्या अंगाला पाहिलं, खालच्या अंगाला पाहिलं. "मचवा कुठाय, महादूकाका?"

महादूने निशाकडे पाहिलं.

निशाने कलशाच्या तोंडचं फडकं सोडलं. भावेशकडे तिने बघितलं नाही. ती वाकली आणि लूम चालू असताना बोलावं तशी मोठ्याने म्हणाली,

"बाबा, मचवा मी वर ओढून घेतलाच नव्हता. पुरात तोच गेला."