आठ जणींच्या खोलीत

"वरचा पलंग कशाला घेता, काकू? गुडघे दुखतात म्हणता आणि शिडी चढता." सुष्मिता आपला खालचा पलंग रिकामा करायला निघाली होती.

"नको गं पोरी. मज खिडकीकडचाच हवा," वसंताबाई म्हणाल्या आणि एकेक पायरीवर थांबत वर गेल्या.

हॉस्टेलातली तिसऱ्या मजल्यावरची खोली. दुमजली लोखंडी पलंग चार, बायका आठ, पंखा एक. प्लगही एकच, त्याच्याभोवती मोबाइलांची रांग. कपाटाला कडी नव्हती. न्हाणीघर दोन खोल्यांत मिळून एक. ओल्या टॉवेलांचा कुबट वास उशीत मुरलेला. पहाटे चारपासून कुणाचा ना कुणाचा गजर वाजे, आणि जिचा वाजे ती सोडून बाकी सगळ्या उठत. पहिल्याच सकाळी वसंताबाईंच्या दंडावर ढेकणांनी तांबडी माळ गुंफली होती.

अशा जागीही त्यांना सहजी प्रवेश मिळाला नव्हता. काउंटरवरचा गिरिधर म्हणाला होता, "लोकल माणसांना जागा देत नाही, अम्मा. चेन्नईचं कार्ड चालणार नाही." वसंताबाईंनी कोपरे झिजलेलं मतदार कार्ड पुढे केलं. त्यावरचा पत्ता अजून तंजावरचाच होता. गिरिधरने त्याचा फोटो काढला आणि किल्ली दिली.

सुष्मिता नाशिकची. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात तिला नोकरी लागली होती, सोमवारपासून. मराठी कानावर पडली तशी ती वसंताबाईंना चिकटली.

"काकू, तुमचं मराठी म्हणजे बखर उघडल्यासारखं वाटतं."

"आणि तुझं ऐकलें की मज टीव्ही लावल्यासारखं होतें. तीनशे वर्षं झालीं आम्हांस इकडे येऊन. भाषा तशीच ठेवली, मधें थोडं रसम सांडलें इतकंच."

वसंताबाई सकाळ-संध्याकाळ नवऱ्याला, नारायणस्वामींना, फोन करत. त्या खोलीत कानाला लावलेला फोनही आठ जणींना ऐकू येई.

"जेवलां?"

"जेवलो. भात केला, सांबार केलं."

"भात लागला ना?"

"तुला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं झालीं. कळतें. पातेलं भिजत घाला, घासत बसूं नका."

सुष्मिताने गालावर हात ठेवला. "काय प्रेम आहे, काकू! माझ्या होणाऱ्या नवऱ्याला मी समोर उभी असले तरी दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी ती बातमी घेऊन आली. "मागच्या गल्लीत दुसरं हॉस्टेल आहे. ढेकूण नाहीत, एसी आहे, भाडं एवढंच. चला, दोघी जाऊ."

"तूं जा."

"या खिडकीत आहे तरी काय? समोरच्या घरांच्या चुली-मोऱ्या आणि वाळत घातलेल्या लुंग्या!"

"वारा येतो," वसंताबाई म्हणाल्या. मग बराच वेळ दंड खाजवत राहिल्या. आणि पदर सोडून सुपारी काढावी तशा सहज बोलल्या, "बुधवारीं माझं ऑपरेशन आहे. उठेन की नाहीं, सांगत नाहीं डॉक्टरीण."

सुष्मिता शिडीच्या दोन पायऱ्या चढून त्यांच्याजवळ आली.

"मरणाचं भय नाहीं गं. पण ह्या माणसानं आजवर पाणीसुद्धां हातानं घेतलें नाहीं. मी गेलें तर हे जेवतील का? तेवढं एक कळूं दे मज. घरीं असलें की माझाच हात पुढें होतो, मग शिकणार कधीं? म्हणून ह्यांस सांगितलें, तपासण्या आहेत, चार दिवस हॉस्पिटलाजवळ राहीन. बायकांचं हॉस्टेल आहे, तुम्हांस घेणार नाहींत."

सुष्मिता दुसऱ्या हॉस्टेलात गेली नाही.

तिसऱ्या दिवशी नारायणस्वामी फोनवर म्हणाले, "इडली खाल्ली."

"खोटं बोलूं नका. चूल पेटवली नाहीं तुम्ही आज."

"एकट्यासाठी काय करायचं, वसंता?"

वसंताबाईंनी पदर तोंडाशी धरला. पण आवाज कोरडाच ठेवला. "एकट्यासाठींच करायचं. उठा."

फोन बंद झाला. त्या भिंतीला पाठ टेकून, खिडकीशी गुडघे जवळ घेऊन बसून राहिल्या. खाली दोघींचं न्हाणीघराच्या पाळीवरून भांडण चाललं होतं. ते त्यांच्या कानी पोचत नव्हतं. अर्ध्या तासाने त्यांचा चेहरा हळूच सैल झाला. त्यानंतर फोन वाजला.

"उपमा केला," नारायणस्वामी म्हणाले. "मीठ जास्त पडलं."

"पडेना का. खा."

चौथ्या सकाळी त्यांनी विचारण्याआधीच नारायणस्वामी सांगू लागले. चिंच कोळली. रसम केलं. रक्तदाबाची गोळी घेतली. तुळशीला पाणी घातलं. नेसायची वेष्टी धुऊन वाळत टाकली. एकाही गोष्टीत चूक काढायला जागा नव्हती.

"सरी, बरं झालें," वसंताबाई म्हणाल्या. "आतां मज काळजी नाहीं."

दाणे संपल्यावर रिकामं जातं फिरत राहावं, तसा तो आवाज होता. खालच्या पलंगावर सुष्मिताने तोंड भिंतीकडे वळवलं.

"उद्यां येतें घरीं."

"उद्यां कशाला?" नारायणस्वामी म्हणाले. "चार दिवस त्या खिडकीत दंड खाजवून खाजवून सालपटं काढलीस. कॉफीचं डिकॉक्शन उतरलंय, दोघांचं. गार व्हायच्या आंत ये. आणि रस्ता ओलांडतांना दोन्हींकडे बघ."