तोंडी संमती

दवाखान्याच्या फोनवर तुम्ही माणूस नेमला नाहीत, गाणं नेमलंत. तेही असं निवडलंत, की शिव्या घालायची सोय नाही.

एक गिटार आणि नुकती झोपेतून उठल्यासारखी गाणारी बाई. साठ वर्षांपूर्वीचं ब्राझीलचं गाणं, बोसा नोव्हा. शब्द कुणाला कळत नाहीत, चाल जगाला पाठ. तुमच्या एका पेशंटच्या शिवणकाम करणाऱ्या बायकोलाही ती पाच महिन्यांत पाठ झाली. रोज दहाला ती तुमचा नंबर लावायची, स्पीकर चालू करून फोन मशीनशेजारी ठेवायची आणि लोकांच्या पँटी आखूड करत बसायची. "आपण रांगेत आहात," एवढं मधूनमधून ऐकू यायचं.

समोर खुर्चीत नवरा. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनापाशी काढलेला माणूस. मेंदूत गुठळी झाली आणि वाचा गेली. कळायचं सगळं, पण तोंडातून 'त-त-त'च्या पुढे काही निघायचं नाही. पुन्हा बोलायला शिकवतात ते तुमच्याच दवाखान्यात, आणि नंबर लागतो तो फक्त फोनवर.

"आली बघा तुमची मैत्रीण," गाणं लागलं की ती म्हणायची. त्याने ते बंदरोबंदरी ऐकलं होतं. लिफ्टमध्ये, न्हाव्याकडे, एकदा तर पोलीस चौकीत. सुट्टीवर आला की सांगायचा, "जग गोल आहे ते या बाईमुळे. कुठूनही निघा, हिच्याकडेच पोचता." आता नुसता ऐकायचा.

त्या दिवशी पन्नासाव्या मिनिटाला गाणं तुटलं.

"सोमवारची एक जागा आहे," फोनवरची मुलगी म्हणाली. तीही दमलेलीच होती. "पेशंटला फोन द्या. नाव आणि जन्मतारीख त्यांनी स्वतः सांगायची. तोंडी संमती लागते."

"अगं, बोलता येत नाही म्हणून तर नंबर लावतोय!"

"नियम आहे, काकू. नाहीतर जागा पुढच्याला जाते. तयार करा त्यांना, एक मिनिट देते." आणि तिने परत गाणं लावलं.

बायकोने फोन त्याच्या तोंडाशी धरला. "अहो, फक्त नाव. आपलंच तर आहे."

"त... त..." कपाळावरची शीर फुगली. मान खाली गेली. मग त्याचा पाय ठेका धरू लागला. आणि त्या झोपाळू बाईच्या चालीवर त्याने स्वतःचं नाव गायलं. आडनावासकट. जन्मतारखेला साल अडलं, तर पुढचं कडवं येईपर्यंत थांबला आणि तेही गायला.

गाणं बंद झालं, मुलगी परत आली. तो थांबला नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळं गायला. बायको दातात दोरा तसाच धरून रडत होती.

"आलं ऐकू," मुलगी म्हणाली. कीबोर्डच्या कळा वाजल्या. "स्पष्ट आहे. पेशंटला बोलता येतं, अशी नोंद झाली. आता ते या उपचारात बसत नाहीत. नाव कमी केलंय."

बायकोने दातातला दोरा काढला. आवाज चढवला नाही.

"पोरी, ते गायले. बोलले नाहीत. त्यांना मला घरात हाक मारायची आहे. ती कुठल्या चालीवर मारायची, तेवढं तुझ्या साहेबांना विचारून सांग. मी थांबते."